टूडी इको नॉर्मल, ईएफ 60 टक्के, तरी डॉक्टर आईला हार्ट फेल्युअर म्हणतात. दुसरीकडे इको करावा का?

दुसरा इको कशाला? आहे तोच रिपोर्ट नीट वाचून घ्या. सगळ्यांची नजर ईएफवर जाऊन थांबते. डाव्या कर्णिकेचा (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याचा) आकार, डायस्टोलिक डिसफंक्शनची (हृदय सैल पडून भरण्यातल्या अडचणीची) ग्रेड कोणी बघत नाही.

भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर पडलं, एवढंच ईएफ सांगतो. 100 मिली भरून 60 गेलं तरी 60 टक्के, 70 भरून 42 गेलं तरी 60 टक्केच. बीपी, शुगर, वजन, वय यांनी हृदयाचा खालचा डावा कप्पा ताठर झाला की तो नीट सैल पडत नाही, भरताना दाब वाढतो, तो मागे फुप्फुसात चढतो आणि दम लागतो. हार्ट फेल्युअरचे निम्म्याच्या आसपास पेशंट असेच, त्यात उतारवयातल्या बायका जास्त.

आमच्या मायचं हेच झालं. आम्ही परभणीकडचे. भरली बादली उचलून दोन पावलं गेली की खाली ठेवायची. आडवी झाली की घुसमटायची, मग भिंतीला टेकून रात्र काढायची. संध्याकाळी जोडवी रुतायची, नडगीवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. थोरले दादा मात्र इकोचा कागद नाचवत म्हणाले, "साठ टक्के हाय, हृदय ठणठणीत. मायला आता कामाचा कंटाळा आलाय." जन्मभर लोकांच्या रानात कापूस वेचलेली बाई, तिला कंटाळा! शेवटी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी रक्ताची एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की वाढणारी तपासणी) करायला लावली, ती वाढलेली निघाली. लघवीची गोळी सुरू झाली आणि माय आडवी झोपायला लागली. दादांनी त्यावर आजवर चकार शब्द काढला नाही.

एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या मूळच्या शुगरच्या गोळ्या. पण 2021 आणि 2022 च्या मोठ्या चाचण्यांत शुगर नसलेल्या अशा पेशंटचंही दवाखान्यात भरती होणं कमी झालं. त्याबद्दल विचारा, मनानं सुरू करू नका. बीपी आटोक्यात हवं, मीठ कमी हवं. ठेचा-लोणच्यावरून आमच्याकडे अजून भांडण होतं.

हां, दम लागला म्हणजे हेच असंही नाही. रक्त कमी, झडप, फुप्फुस हे बघितलंय का ते विचारा. वजन जास्त असेल तर एनटी-प्रोबीएनपी कमीही दिसते.

आणि घरात जो कोणी "नॉर्मल आहे" म्हणतो, त्यालाच आईसोबत पाठवा. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना ती कुठं थांबते ते त्यानं बघावं, आणि डॉक्टरांना त्यानंच सांगावं.