खोडलेल्या ओळीबद्दल

सांगलीतल्या एका आईचं पत्र आलंय. ओळखीच्या खुणा बदलून थोडक्यात देते. "मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणपतीत, गॅदरिंगला स्किट लिहितो, त्यात स्वतः काम करतो, लोक पोट धरून हसतात. दिवाळीत त्यानं मला सांगितलं की तो समलिंगी आहे. त्याच्या वडिलांना अजून माहीत नाही. त्यांचं मार्केट यार्डात हळदीचं दुकान आहे. आता म्हणतो, मला विनोदी नट आणि लेखक व्हायचंय. मोबाइलवर सारखा स्टीफन फ्राय नावाच्या इंग्रज माणसाला बघतो, हा पण माझ्यासारखाच आहे म्हणतो. यात पोट भरेल का? याला नाच्याचीच कामं देतील का? डॉक्टरला दाखवू का? त्याला विचारूनच त्याच्या स्किटची दोन पानं सोबत पाठवतेय."

ताई, नमस्कार.

डॉक्टरचं आधी उरकते. नको. हा आजारच नाही, तर औषध कशाचं? समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कचाट्यातून सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला ही माणसं सोडवली. आणि 'बरं करून देतो' असं सांगत उपचार करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये कळवलं आहे. कुणी नातेवाईक पत्ता देईल, तो घेऊ नका.

आता स्किट. मी ते तीनदा वाचलं. मुलगी बघायचा कार्यक्रम, पोह्यांच्या बश्या, मधे बोलणारी आत्या, म्हणजे विषय घासून गुळगुळीत झालेला. पण दुसऱ्या पानावर भटजी पत्रिका बघून उठतात आणि म्हणतात, "गुण छत्तीसच्या छत्तीस जुळले हो, फक्त ते मुलीच्या भावाशी जुळले." मी ऑफिसात एकटीच होते आणि मोठ्यानं हसले. ही ओळ तुमच्या मुलानं निळ्या पेनानं खोडली आहे, एकदा नाही, तीन रेघा मारून. तिच्या जागी नवरीच्या वजनावरचा विनोद घातलाय, जो तुम्ही-मी टीव्हीवर शंभरदा ऐकलाय.

तुमच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा मला त्या तीन रेघा जास्त महत्त्वाच्या वाटतात.

नाच्याची भीती खोटी नाही. तमाशापटांत नाच्या रंगवणारे कोल्हापूरचे गणपत पाटील आठवतात ना? 'आत्ता गं बया' म्हटलं की थिएटर डोक्यावर घ्यायचं. बायकामुलांचा संसारी माणूस, पण पडद्यावरचे ते हातवारे आयुष्यभर चिकटले आणि त्याची झळ घरच्यांनाही लागली. आणि इथंच, मिरजेत, १९०५ साली किर्लोस्कर कंपनीतून उभे राहिलेले बालगंधर्व. तेही पुरुष, आणि चक्क साडीत. पण बायका त्यांचं बघून साडी नेसायला शिकायच्या. म्हणजे साडीत काही नसतं. समोर बसलेल्यांनी तिच्यावर हसायचं की तिच्याकडे बघत राहायचं, हे आधीच कुणीतरी कागदावर ठरवून ठेवलेलं असतं. तुमचा मुलगा नुसता नट झाला तर तो कागद दुसऱ्याचा असेल, आणि दुसऱ्याच्या कागदावर त्याच्यासाठी कोणतं काम लिहिलेलं असेल, ते तुम्हीच ओळखलंत. म्हणून माझं म्हणणं एकच आहे: आधी लेखक, मग नट. स्वतःचा कागद स्वतः लिहायचा. कवलापूरचे काळू-बाळू तरी दुसरं काय करत होते? दोघं जुळे भाऊ, देवानं दिलेलं एकसारखं तोंड. तेच भांडवल करून त्यांनी तमाशात हवालदारांची जोडी उभी केली आणि गावोगावच्या जत्रा गाजवल्या.

इथं माझीही एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. नाट्यशिक्षणाच्या मुलाखतीला निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं, "हात जरा कमी हलव." पोरानं ऐकलं. विजेच्या खांबासारखा उभा राहिला आणि तसाच परत आला. तेव्हापासून हातांबद्दल मी कुणालाही काही सांगत नाही.

आता हा फ्राय कोण, ते सांगते. जन्म १९५७ चा. शाळेतून काढलेला, सतराव्या वर्षी दुसऱ्याचं क्रेडिट कार्ड चोरून वापरलं म्हणून काही महिने कोठडीत बसलेला. (हा भाग मुलानं तुम्हाला सांगितला नसणार.) सुटल्यावर मात्र नॉर्विचच्या एका साध्या कॉलेजात नाव घातलं, शिष्यवृत्ती मिळवली आणि केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकायला गेला. तिथल्या फूटलाइट्स या विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळात ह्यू लॉरी भेटला, पुढे विनोदातला त्याचा जोडीदार. १९८१ मध्ये या पोरांच्या प्रहसनांना एडिनबराच्या महोत्सवात विनोदासाठीचं पहिलंवहिलं पेरिये पारितोषिक मिळालं. सगळा मजकूर त्यांचा स्वतःचा. पुढे मोठा पैसा आला तोही लिहिण्यातून. एक जुनं संगीत नाटक १९८४ मध्ये त्यानं नव्यानं लिहून दिलं, ते लंडनमध्ये आठ वर्षं चाललं आणि त्याला प्रयोगांमागे हिस्सा मिळत राहिला. हळदीच्या भाषेत सांगायचं तर माल विकला नाही, गोदाम भाड्यानं दिलं. कधी वेळ आलीच तर हे मुलाच्या वडिलांना चटकन पटेल.

तो लहान असताना त्याच्या देशातही हा गुन्हाच होता, १९६७ पर्यंत. २०१५ मध्ये त्यानं आपल्या जोडीदाराशी रीतसर लग्न केलं. आपल्याकडे अशा लग्नाला अजून कायदा नाही, ऑक्टोबर २०२३ मध्ये कोर्टानं ते काम संसदेवर सोडलं. खोटी आशा लावत नाही.

आणि १९९५ चं सांगितलंच पाहिजे. लंडनमध्ये नाटक चालू, टीका वाईट आली, आणि हा माणूस काही प्रयोगांनंतर कुणालाही न सांगता बेल्जियमला निघून गेला. नंतर निदान झालं, बायपोलर, म्हणजे मन कधी फार चढणं, कधी फार खचणं. २००६ मध्ये त्यानं त्यावर टीव्हीवर उघडपणे सांगितलं. आजार हा होता, समलिंगी असणं नव्हे. मुलाची झोप उडाली, जेवण तुटलं, खोलीतून बाहेर येईना, तर तेव्हा मात्र डॉक्टर. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारचा टेलिमानस क्रमांक मोफत आहे, घरातल्या फोनमध्ये घालून ठेवा.

व्यवहाराचं. बी.कॉम. सोडायचं नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी लागते, आणि आधी नाटकांत कामं केल्याचा पुरावाही. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, विद्यावेतनासह. जागा मोजक्या, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातच संगीत-नाट्यशास्त्र विभाग आहे. तोवर विद्यापीठाच्या युवा महोत्सवात प्रहसन, नकला, एकांकिका, जे मिळेल ते करायचं आणि प्रत्येक प्रमाणपत्र फायलीत लावायचं. राज्य नाट्यस्पर्धेच्या वेळी भावे नाट्यमंदिरात पडदा ओढायचं काम मिळालं तरी जायचं. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी नाटक उभं केलं, तिथल्या मुलानं पहिला धडा मुंबईच्या भाड्याच्या खोलीत का गिरवायचा?

मुंबईला जायचंच ते पदवीनंतर, हातात पंचवीस-तीस पुरी स्किटं घेऊन. आणि सहा महिन्यांचं भाडं-जेवण बाजूला ठेवून, कारण टीव्हीत काम आज केलं तर पैसे बहुतेकदा तीन महिन्यांनी हातात येतात. लिखाण कुणाला दाखवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा सभासद होऊन तिथं नोंदवायचं. कराराचा कागद समजल्याशिवाय सही नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं लेखकाला रॉयल्टीचा हक्क दिलाय, तो 'सगळे हक्क आमचे' म्हणणाऱ्या निर्मात्याला घाबरून सोडू नये. यात दर महिन्याला ठरलेला पगार नसतो. हिशेब ठेवता येणारा माणूस टिकतो, आणि बी.कॉम. तिथं उपयोगी पडेल.

वडिलांना सांगायचं का, कधी, हे मुलगा ठरवेल. तुम्ही मध्यस्थी करू नका आणि घाईही करू नका. स्किटमधूनही हे लोकांना कळावं असा माझा आग्रह नाही. ती ओळ भटजीच्या तोंडी आहे, लिहिणाऱ्याबद्दल ती काहीच सांगत नाही, हे मात्र त्याला समजावा. ओळ इथं छापण्याआधी मी त्याला तुमच्यामार्फत विचारलं होतं. त्यानं "छापा की" एवढंच कळवलं, पुढे हसणारा एक चेहरा.

दोन्ही पानं परत पाठवतेय. नवरीच्या वजनाच्या विनोदाभोवती मी गोल केलाय. खोडलेल्या ओळीखाली पेन्सिलीनं टिंबं दिली आहेत. मुद्रितं तपासताना अशी टिंबं देतात, त्याचा अर्थ 'राहू द्या'.