'लष्करी उठाव', 'बंड' की 'सत्तापालट'?

प्रश्न असा आहे: "म्यानमारच्या बातमीत 'लष्करी उठाव', नायजरच्या बातमीत 'सत्तापालट', आणखी कुठे 'बंड' आणि हिंदी वाहिन्यांवरून आलेलं 'तख्तापलट', असं सगळंच मराठीत वाचायला मिळतं. या शब्दांचा अर्थ एकच का? इंग्रजीत ज्याला 'कू' म्हणतात त्याला नेमका मराठी शब्द कोणता?"

अर्थ एकच नाही. आणि जो शब्द सगळ्यात जास्त छापला जातो, 'लष्करी उठाव', तोच माझ्या मते सगळ्यात कमी बसतो.

'उठाव' आला 'उठणे'वरून. जो बसलेला आहे, दबलेला आहे, तो उठतो. शेतकऱ्यांचा उठाव, आदिवासींचा उठाव. हे म्हणताना खालून वर अशी दिशा आपोआप डोळ्यांसमोर येते. सत्ता बळकावणारा सेनापती खाली नसतोच. तो सरकारच्या तिजोरीतून पगार घेतो, सरकारच्या गाडीतून फिरतो, त्याची बंदूकही सरकारचीच. 26 जुलै 2023 ला नायजरमध्ये राष्ट्राध्यक्ष बाझुम यांना त्यांच्याच रक्षकदलानं वाड्यात कोंडलं. ज्यांना दाराबाहेर उभं केलं होतं, तेच आत आले. याला उठणं कसं म्हणायचं?

दुसरी अडचण सुराची. 1857 ला इंग्रजांनी 'शिपायांचं बंड' म्हटलं, ते खोडून आपण 'उठाव' आणि 'स्वातंत्र्यसमर' म्हणू लागलो. तेव्हापासून 'बंड' हा जरा उतरलेला आणि 'उठाव' हा मान असलेला शब्द झाला. जून 2022 मध्ये शिवसेनेचे आमदार फुटले तेव्हाही 'बंड' म्हणायचं की 'उठाव' यावर दोन्ही बाजूंनी शब्द खर्ची पडले ते याचमुळे. (बाजारात कापडाला उठाव असतो, चित्रात रंगाला उठाव येतो. हा शब्द वाईट अर्थानं सहसा येतच नाही.) म्हणजे 'लष्करी उठाव' छापताना आपण नकळत जनरलसाहेबांच्या पारड्यात एक दाणा टाकतो.

'बंड' आणखी वेगळं. त्यात हुकूम मोडणं असतं, मागण्या असतात, पण गादीवर दावा नसतो. 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर नाविकांनी काम नाकारलं. निकृष्ट जेवण, पगारातला भेद, गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ ही कारणं होती. बघता बघता ते कराचीपर्यंत पसरलं, पण 'आता आम्ही सरकार' असं नाविकांनी म्हटलं नाही. कृतीचा प्रकार पाहिला तर ते बंडच. आपण आदरानं 'उठाव' म्हणतो, तेही योग्यच, कारण तिथे खालची माणसं खरोखर उठली होती.

आता मूळ शब्दाकडे. फ्रेंच 'कू देता'मधला 'कू' म्हणजे फटका, घाव. 'एता' म्हणजे राज्यसंस्था. गंमत अशी की सतराव्या शतकात हा घाव राज्यावर पडत नसे, राज्यकर्ताच तो घालत असे: राज्य वाचवण्यासाठी राजानं नेहमीचे नियम बाजूला ठेवून केलेली धडक कृती. पुढे अर्थ फिरला आणि घाव राज्यकर्त्यावर पडू लागला. वेग मात्र दोन्ही अर्थांत राहिला. घाव एकदाच बसतो, बसला तर बसला. आपल्या 'उठावा'त हा वेग नाही, तो दिवसेंदिवस चालू शकतो.

आणि वेग हाच या प्रकाराचा गाभा आहे. कट करणाऱ्यांकडे बहुधा थोडंच सैन्य असतं. बाकीच्या पलटणी ना त्यांच्या बाजूच्या, ना सरकारच्या. त्या छावणीत बसून अंदाज घेत असतात. प्रत्येक कमांडरच्या मनात न्याय-अन्यायापेक्षा आधी एक हिशेब असतो: बाकीचे कुठे चाललेत? हरणाऱ्या बाजूला गेलं तर फाशी किंवा जन्मठेप, आणि आपल्याच माणसांवर गोळी झाडायची पाळी तर कोणालाच नको असते. म्हणून पहिली धाव रेडिओ-टीव्ही केंद्राकडे. शत्रूचा नाश तिथे होत नाही, पण 'झालं, सगळं आमच्या हातात आलं' हे सांगता येतं. पुरेशा कमांडरांना ते पटलं की ते खरं होतं. 1950 पासून जगभरात झालेल्या प्रयत्नांपैकी साधारण निम्मेच यशस्वी झाले. जे फसले त्यांतले बरेच शस्त्रं कमी पडून फसले नाहीत. 'झालं' हे सांगणं जमलं नाही, म्हणून फसले.

15 जुलै 2016 ची तुर्कस्तानमधली रात्र घ्या. सैन्यातल्या एका गटाचा सत्ता बळकावायचा बेत होता, तो पहाटे तीनचा. सुगावा लागल्याची शंका आली आणि तो संध्याकाळवर ओढला गेला. रात्री दहाच्या सुमारास इस्तंबूलचा बोस्फरसवरचा पूल अडवला तेव्हा शुक्रवारची रात्र होती, गाव जागं होतं, लोक रस्त्यावर होते. सरसेनापती हुलुसी आकार यांना ओलीस धरलं, पण जाहीरनाम्यावर त्यांची सही मिळाली नाही. वरच्या माणसाची सही नसेल तर खालचे कमांडर ओळखतात की हे मूठभरांचं काम आहे. मध्यरात्रीनंतर सरकारी वाहिनीच्या निवेदिकेकडून जाहीरनामा वाचून घेतला, पण खासगी वाहिन्या चालूच राहिल्या. उपग्रह केंद्रावरचा हल्ला फसला. अर्ध्या तासाच्या आत राष्ट्राध्यक्ष एर्दोआन एका खासगी वाहिनीवर वार्ताहर बाईच्या मोबाईलमध्ये दिसले आणि लोकांना रस्त्यावर बोलावू लागले. ते मार्मारिसला सुट्टीवर होते, त्यांना पकडायला गेलेली तुकडी पोचली तेव्हा ते निघून गेले होते. तुर्की सैन्याच्या 'पहिलं लष्कर' या विभागाचे कमांडर उमित दुंदार यांनी टीव्हीवर सांगितलं की हे एका लहान गटाचं कृत्य आहे. थांबून बसलेल्यांना हिशेब कळला. संसदेवर बॉम्ब पडले, अडीचशेच्या आसपास लोक गेले, पण सकाळपर्यंत खेळ संपला होता. पंतप्रधान यिल्दिरिम त्या रात्री पहिल्यांदा टीव्हीवर बोलले तेव्हा त्यांनी 'दार्बे' हा नेहमीचा शब्द टाळून 'काल्किश्मा' म्हटलं. 'दार्बे' म्हणजे घाव, 'काल्किश्मा' म्हणजे आवाक्याबाहेरच्या गोष्टीला हात घालणं. नुसत्या शब्दानं त्यांनी छावण्यांना सांगितलं की हे अजून झालेलं नाही.

तुर्की भाषेकडे असे शब्द ढीगभर आहेत, कारण त्या लोकांनी ते भोगलं आहे. 1971 ला सैन्यानं रणगाडे न काढता फक्त एक पत्र दिलं आणि सरकार पडलं, त्याला 'मुहतिरा', म्हणजे लेखी समज. आपल्या देशात हा प्रकार झाला नाही, त्यामुळे मराठीतला शब्द बातमीच्या घाईत, इंग्रजी तारेवरून भाषांतर करताना बनला. अनुभव नसला की शब्द उसना येतो, आणि उसना शब्द पुष्कळदा एक माप मोठा किंवा लहान असतो.

अगदीच अनुभव नाही असंही नाही म्हणा. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. 'ध'चा 'मा' झाला की नाही हे सोडा, पण यंत्रणा बघा: वाड्याच्या रक्षणासाठी ठेवलेली पगारी फौज, सुमेरसिंग गारदी आत, रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत, आणि काही घटकांत काम तमाम. हा शुद्ध 'कू'. रघुनाथरावांना पेशवाईची वस्त्रंही मिळाली. पण वाडा हाती आला म्हणजे राज्य हाती आलं असं त्यांनी धरलं आणि ते मोहिमेवर निघाले. वाटेत एकेक कारभारी निमित्तं काढून परतला. सखारामबापू, नाना फडणवीस, हरिपंत फडके वगैरेंनी नारायणरावांच्या गरोदर विधवा गंगाबाईंना पुरंदरावर नेलं आणि त्यांच्या नावानं कारभार सुरू केला. 18 एप्रिल 1774 ला सवाई माधवराव जन्मले आणि रघुनाथरावांच्या दाव्याखालची जमीन सरकली. त्या काळच्या सरदारांनी तोच हिशेब केला: बाकीचे कुठे चाललेत?

शब्दांच्या दृष्टीनं मजा अशी की या प्रकरणात 'कारस्थान' हा शब्द चिकटला तो जिंकणाऱ्यांना: 'बारभाईंचं कारस्थान'. तेव्हा त्याला आजचा काळा वास नव्हता, त्यात मुत्सद्देगिरीही होती. आज जनरलांच्या गुप्त बैठकांना 'कारस्थान' म्हटलं तर निंदाच होईल. ('बारभाईचा कारभार'ही पुढे उतरला, तो वेगळा विषय.)

जिंकल्यावर शब्द कसा चढतो त्याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे पोर्तुगाल. 25 एप्रिल 1974. आदल्या रात्री आणि मध्यरात्रीनंतर रेडिओवर ठरलेली दोन गाणी लागली, तो इशारा. सांतारें गावाहून साल्गेरू माया नावाचा एकोणतीस वर्षांचा कॅप्टन सुमारे 240 माणसं घेऊन लिस्बनमध्ये शिरला. समोर आलेल्या ब्रिगेडियरनं गोळीबाराचा हुकूम दिला, तो त्याच्याच माणसांनी पाळला नाही. नदीतल्या युद्धनौकेलाही हुकूम होता, तिनंही तोफ डागली नाही. संध्याकाळी पंतप्रधान काएतानु शरण आले. कॅप्टनांनी बेत करून सत्ता घेतली, म्हणजे पहिल्या काही तासांत तो 'कू'च होता. पण लोक रस्त्यावर उतरले, बंदुकांत फुलं खोवली गेली, राज्यव्यवस्थाच बदलली, आणि शब्द झाला 'क्रांती'. इथे तो खोटा नाही. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालनं डिसेंबर 1974 च्या करारानं मान्य केलं ते याच बदलामुळे, त्यामुळे गोंयकारांना ही तारीख परकी वाटायला नको.

उलट बाजूनं शब्द लपवलाही जातो. नोव्हेंबर 2017 मध्ये झिम्बाब्वेत एक मेजर जनरल पहाटे टीव्हीवर येऊन म्हणाला की हा लष्करानं घेतलेला ताबा नाही, आम्ही फक्त अध्यक्षांभोवतीच्या गुन्हेगारांना पकडतोय. सहा दिवसांत मुगाबेंनी राजीनामा दिला. ही काही नुसती लाज नव्हती. आफ्रिकी संघ घटनाबाह्य सत्ताबदल झालेल्या देशाचं सदस्यत्व स्थगित करतो. अमेरिकेच्या कायद्यात निवडून आलेलं सरकार सैन्यानं पाडलं तर मदत थांबवण्याची तरतूद आहे, म्हणून 2013 मध्ये इजिप्तमध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना सैन्यानं हटवल्यावर अमेरिकी सरकारनं 'कू' हा शब्द उच्चारायचंच टाळलं, वर्षाला 1.3 अब्ज डॉलरची लष्करी मदत त्या एका शब्दाला टांगलेली होती. पाकिस्तानात मुशर्रफ यांनीही 12 ऑक्टोबर 1999 ला सत्ता घेतल्यावर 'मार्शल लॉ' हे नाव न घेता स्वतःला 'मुख्य कार्यकारी' म्हणवलं, जणू कारखानाच चालवायचा होता.

'इन्किलाब'चं तर पुरतं उलटं झालं आहे. आपल्याला तो भगतसिंगांच्या घोषणेमुळे क्रांतीचा शब्द. आजच्या अरबीत 'इन्किलाब' म्हणजे नेमका 'कू'; क्रांतीला ते 'थौरा' म्हणतात. धातू उलटण्याचाच, पण काय उलटलं हे प्रत्येक भाषेनं आपापल्या इतिहासातून ठरवलं.

मग मराठीत लिहायचं काय? माझा कल नामापेक्षा क्रियापदाकडे आहे. 'बळकावणे' हे क्रियापद आपल्याकडे तयार आहे: जमीन बळकावली, जागा बळकावली. त्यात जोर आहे, हक्क नसणं आहे, आणि कौतुक अजिबात नाही. 'लष्करानं सत्ता बळकावली' हे मथळ्यातही मावतं. सैनिक छावणीबाहेर पडण्याआधी पकडले गेले तर 'कट उघडकीस आला'. बाहेर पडून हरले तर 'सत्ता बळकावण्याचा डाव फसला'. 'सत्तापालट' हा निकालाचा शब्द आहे. पालटली तरच पालट, त्यामुळे 'अयशस्वी सत्तापालट' म्हणजे न झालेलं लग्न. पहिल्या रात्रीच्या बातमीत तो वापरूच नये. नाहीतर ज्यांना 'झालं' असं जगाला पटवायचं आहे त्यांचं काम आपण फुकट करतो. 'सत्तांतर' निवडणुकीनंतरच्या शांत बदलासाठी राखून ठेवावा.

राहिला 'तख्तापलट'. हिंदीत तो ठीक आहे. मराठीत सिंहासन म्हणजे 'तख्त', आणि 'तक्ता' म्हटलं की भिंतीवरचा रेल्वेच्या वेळांचा कागद आठवतो. वापरायचाच असेल तर 'तख्त उलथवलं' असं लिहा.