दुसरा पेला कोणाचा?

इंदूरच्या एका भगिनीने लिहिले आहे की, त्यांचे यजमान आठ महिन्यांपूर्वी गेले. दोघे दर रविवारी पहाटे सिरपूर तलावावर जात. यजमान दुर्बिणीतून पक्षी ओळखत आणि या ते जलरंगांत काढत. आता त्या एकट्याच जातात. तिथे जिवाला बरे वाटते, परंतु कागद कोराच राहतो. इंदूरजवळच्या यशवंत सागर जलाशयावर सारस पाहायला गेल्यास काही सुचेल का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, तुमच्या पत्रात तलावावरच्या धुक्याचे वर्णन दीड पानभर आहे आणि ते सुरेख आहे. मी मात्र अडले ते तुम्ही कंसात टाकलेल्या एका ओळीपाशी: ‘सासूबाई पहाटे उठून थर्मास भरून देतात आणि सवयीने अजूनही दोन पेले ठेवतात, एक तसाच परत येतो.’

सवयीने? घरातली माणसे मोजून कणीक भिजवण्यात जिचा जन्म गेला, ती बाई पोटचा मुलगा गेल्यावर आठ महिने पेले मोजायला चुकते, यावर माझा विश्वास नाही. जेवणाचे ताट त्या एक कमीच मांडत असतील. ‘मलाही ने’ हे तोंडाने म्हणणे त्यांना जड जात असावे, म्हणून त्या ते पिशवीत ठेवून पाहतात आणि तुम्ही दर रविवारी ते जसेच्या तसे परत आणून मोरीत ठेवता.

मला तुमचा राग आला आहे, तो याचा. साऱ्या पत्रात तुमचे यजमान गेले आहेत. सासूबाईंचा मुलगा गेला, असे एकदाही आलेले नाही. होळकरांच्या काळातले हे सिरपूरचे तळे 2022 साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले, म्हणजे त्याची दखल जगाने घेतली. आपला मुलगा दर रविवारी जिथे रमत असे, ती जागा त्याच्या आईने पाहिली आहे का?

येत्या रविवारी सासूबाईंना घेऊन जा. यशवंत सागरचे सारस कुठे जात नाहीत.

आता चित्राविषयी. पूर्वी तुमच्या शेजारी बोट दाखवून ‘तो बघ’ म्हणणारे माणूस असे आणि तुमचा कुंचला त्याला उत्तर देत असे. आज कोणी काही विचारत नाही, मग कागद बोलणार कसा? सासूबाई विचारतील. काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा लावल्यासारखा, सारखा बुड्या मारणारा तो पक्षी कोणता, असे त्या विचारतील; तुम्ही ‘वारकरी’ म्हणाल, त्यांना हसू येईल, आणि तोवर तो पाण्याखाली गेलेला असेल. त्यांचे डोळे अधू असतील, दुर्बीण त्यांना लावता येणार नाही. तेव्हा तो कसा दिसतो हे त्यांना काढूनच दाखवावे लागेल. पेन्सिलीने काढा, मोठा काढा, घाईत काढा. रंगांची पेटी या खेपेस घरीच राहू द्या.

त्या आधी नाहीच म्हणतील. गुडघे, थंडी, देवपूजा, सगळे पुढे येईल. त्यांच्याशी वाद घालू नका. शनिवारी रात्रीच रिक्षा सांगून ठेवा आणि बसायला घडीची खुर्ची बरोबर घ्या.