वृद्धाश्रमातली कलमे का गेली?

प्रश्न : आमच्या मंडळाने गेल्या जुलैत वृद्धाश्रमात आंब्याची कलमे लावली. निम्मी वाळली. काही जोमात आहेत, पण फूट जोडाखालून, म्हणजे कलम बांधले त्या जागेखालून आहे. काय चुकले?

उत्तर : जोडाखालची फूट खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या रायवळ (बियांवरच्या गावठी) आंब्याची. वरचे कलम जिवंत असेल तर ती मुळाशी खुडा. कलमच मेले असेल तर झाड बदला. जोड मातीत गाडला गेला की असेच होते. तो जमिनीपासून चांगला वीतभर वर हवा. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी राहिली असल्यास ब्लेडने कापा, नाहीतर ती खोडात रुतते.

खड्डे मे महिन्यातच घ्या : 1 मीटर लांब, रुंद, खोल. उन्हात तापू द्या. भरताना वरची माती, तीन-चार घमेली शेणखत, 1 किलो सिंगल सुपर फॉस्फेट खत. शेणखत कच्चे असेल तर वाळवी आलीच. डिसेंबर ते मे पाणी कोण घालणार, हे आधी ठरवा. लावायला सगळे येतात!

आश्रमात दुसरी फळझाडे लावणार असाल तर, कवळीवाल्यांना पेरूच्या बिया जड जातात, चिकू बरा. जांभूळ मात्र पायवाटेवर नको, पडलेल्या फळांवरून पाय घसरतो.