बायो, कोडिंग आणि स्टॅट्स: इंदूरकरांचे प्रश्न

प्रश्न: बी.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. गणित दहावीनंतर सुटलं. कॉम्प्युटेशनल बायोलॉजीत (म्हणजे बायोलॉजीचा डेटा कॉम्प्युटरने तपासणं) एम.एस्सी. जमेल का? (लोकमान्यनगर)

जमेल गं, न जमायला काय झालं. पण तुमच्या वयाचे सगळे मला पायथॉन ही कोडिंगची भाषा कुठे शिकू एवढंच विचारतात, स्टॅटिस्टिक्सचं नावही कोणी काढत नाही, आणि घोडं अडतं ते तिथेच. हे बघ, माणसात प्रोटीन बनवणारी जनुकं साधारण 20,000. समजा तू कॅन्सरची टिश्यू आणि निरोगी टिश्यू घेतली, एकेका जनुकाची तुलना केली, आणि पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) 0.05 च्या खाली आली की फरक आहे असं धरलं, तर खरा फरक एकातही नसला तरी हजारेक जनुकं नुसत्या योगायोगाने यादीत येऊन बसतील! त्यासाठी मल्टिपल टेस्टिंगचं करेक्शन करतात, म्हणजे तुलना जितक्या जास्त तितकी कसोटी कडक. हे डोक्यात बसलं की आर ही स्टॅट्सची भाषा काय, पायथॉन काय, हाताला सवयीने येतं. रोझलिंड नावाची साइट आहे, बायोलॉजीचेच प्रश्न कोडने सोडवायचे, फुकट आहे, आजच सुरू कर. प्रवेशाचं म्हणशील तर डीबीटीच्या (केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या) मदतीने चालणाऱ्या पीजी कोर्सना गॅट-बी ही प्रवेश परीक्षा लागते, बाकी विद्यापीठांचे नियम वेगवेगळे. आणि कोर्सच्या नावावर भुलू नकोस, सिलॅबस उघडून स्टॅट्सचे पेपर किती आहेत ते मोज.

प्रश्न: कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारं मॉडेल केलंय, अ‍ॅक्युरसी 99 टक्के. यावर पीएचडीला घेतील ना? (रामबाग)

भिया, 99 ऐकून मला आनंद नाही, शंका आली. एकाच पेशंटचे दोन-तीन एक्स-रे असतात, त्यातले काही ट्रेनिंगमध्ये (ज्यावर मॉडेल शिकतं) आणि काही टेस्टमध्ये (ज्यावर ते तपासतात) गेले असतील तर मॉडेल आजार नाही, माणूस ओळखतंय. डेटा पेशंटप्रमाणे वेगळा कर आणि परत चालव, आकडा पडला तर पडू दे. 2018 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं की असं मॉडेल एक्स-रे कुठल्या हॉस्पिटलातला आहे हेच छान ओळखतं, आणि बाहेरच्या हॉस्पिटलचे फोटो दिले की बऱ्याचदा कच्चं पडतं. इंटरव्ह्यूत तुला पहिलं हेच विचारतील. कोड तुला येतोच, आता चार दिवस एखाद्या रेडिओलॉजिस्टच्या शेजारी बस, पोर्टेबल मशीनवर कुणाचा एक्स-रे काढतात आणि का, ते विचार, म्हणजे मॉडेल आजाराऐवजी मशीनच ओळखत नाही ना ते कळेल. गेट या प्रवेश परीक्षेत 2024 पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आहे, तो तुला सोपा जाईल. आणि आपल्या इंदूरजवळच्या सिमरोलला आयआयटीत बायोसायन्सेस आणि बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा विभाग आहे, दिल्ली-बंगलोर करण्याआधी तिथल्या लॅब बघून ये की.

प्रश्न: मुलगा अमेरिकेत एम.एस. करू म्हणतो. खर्च झेपेल का? का पीएचडीच करावी? (सुदामानगर)

ताई, एम.एस.चा खर्च बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जातो. तिथल्या चांगल्या बायोमेडिकल पीएचडीत सहसा फी माफ असते आणि वर स्टायपेंड, पण पाचेक वर्षं जातात आणि ती काढायला कातडी जाड लागते. एक गोष्ट मात्र मला तिकडची फार आवडते, पहिल्या वर्षी बऱ्याच ठिकाणी दोन-तीन लॅबमध्ये थोडे थोडे आठवडे काम करून मग गाइड ठरवतात. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी गाइड आधी, ओळख नंतर! इथे नेट-जेआरएफ (संशोधनाची सरकारी फेलोशिप) मिळाली तर जानेवारी 2023 पासून महिना 37,000 आहेत, वर एचआरए (घरभाडं भत्ता). नुसत्या डिग्रीसाठी कर्ज काढू नका असं माझं मत. कुठेही गेला तरी त्या लॅबमधल्या जुन्या मुलांशी फोनवर बोलायला लावा, गाइड किती वेळ देतात ते तीच सांगतील.

प्रश्न: लॅपटॉप कुठला घेऊ?

16 जीबी रॅमवाला कुठलाही. एका माणसाच्या पूर्ण जीनोमचा (सगळ्या डीएनएचा) कच्चा डेटाच 100 जीबीच्या आसपास जातो, तो लॅबच्या सर्व्हरवर राहतो, त्यामुळे महागड्या मशीनपेक्षा लिनक्सची कमांड लाइन (टाइप करून कॉम्प्युटरला हुकूम देणं) शिक, सर्व्हरवर तीच लागते. आणि हो, जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडू नकोस, सेप्ट-1 नावाच्या जनुकाची तो सरळ 1 सप्टेंबर करून टाकायचा, शेवटी कंटाळून 2020 मध्ये अशा जनुकांची नावंच बदलली, पण जुन्या फाइलींमध्ये त्या तारखा अजून पडल्यात.