दोन वायरी की चार

अगं, परवा रात्री तुझा तो लांबलचक मेसेज वाचला आणि मग झोपच आली नाही, काळजीने नाही गं, वयाने, पण म्हटलं याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तुकडे तुकडे होतात, म्हणून नीट बसून लिहितेय.

मला कळलं ते असं की एमएस्सीचा प्रोजेक्ट कंडक्टिंग पॉलिमरवर, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकवर झाला, पीएचडीला गाइड परत तेच देतायत, तुला मनातून पाण्याचं काम करायचंय, पण भीती वाटते की केलेलं वाया जाईल आणि लोक म्हणतील हिचा एका जागी पाय ठरत नाही. वर "ऑरगॅनिक कंडक्टर आता जुना विषय झाला ना मॅडम?" हेही विचारलंयस. माझा तर अर्धा जन्म त्यात गेला, त्यामुळे मी जरा रागावले, मग हसले.

मी 1984 ला लागले तेव्हा हा विषय नवा करकरीत होता. 1973 मध्ये टीटीएफ-टीसीएनक्यू आलं होतं, दोन सेंद्रिय रेणू, एकेकटे घेतले तर दोघंही वीज वाहून न्यायच्या नावाने शंख, पण एकत्र आले की टीटीएफ इलेक्ट्रॉन देतो, टीसीएनक्यू घेतो, तोही पूर्ण एक नाही, सरासरी 0.59, आणि त्या अर्धवट देण्याघेण्यातच सगळी गंमत, स्फटिक धातूसारखा वागायला लागतो. मग 1980 ला कोपनहेगनच्या बेकगार्ड यांचे स्फटिक पॅरिसजवळ जेरोम यांच्या लॅबमध्ये 0.9 केल्विनला, म्हणजे जवळजवळ निरपेक्ष शून्याला, सुपरकंडक्टर झाले, वीज अजिबात रोध न होता वाहायला लागली, तेही साधारण 12 हजार वातावरणांच्या दाबाखाली. आम्ही मुंबईत ते पेपर झेरॉक्स करून करून वाचायचो. बेकगार्ड यांचे ते सेलेनियमवाले रेणू आम्हाला परवडणारे नव्हते, म्हणून आम्ही आपलं टीटीएफ धरून बसलो.

स्फटिक वाढवायचे एच आकाराच्या काचेच्या नळीत. एका पायात टीटीएफ, दुसऱ्यात टीसीएनक्यू, मध्ये नुसतं अ‍ॅसिटोनाइट्राइल, आणि दोघांनी हळूहळू चालत येऊन मध्ये भेटायचं. धक्का लागला की संपलं, सुयांऐवजी काळा भुगा. शेजारी कुठे पायलिंग सुरू झालं की आठवडा गेला समज. नंतर द्रावणातून वीज वाहवून स्फटिक वाढवायला घेतले, मायक्रोअँपिअरमध्ये करंट, दोन-दोन आठवडे अखंड, आणि आमचे शिपाई मामा रोज संध्याकाळी इमानदारीत मेन स्विच बंद करून घरी जायचे! तीन वेळा बॅच गेली तेव्हा कारण सापडलं. भांडून काही झालं नाही. शेवटी लॅमिंग्टन रोडवरून बॅटऱ्या आणून करंट सोर्स त्यांच्यावर चालवला, आणि मामांना चहा पाजून स्फटिक भिंगाखाली दाखवले, त्यानंतर ते स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, त्या टेबलाला हात लावू नका. हे तुला कुठल्या कोर्सवर्कमध्ये शिकवणार नाहीत.

आता मुद्द्याचं. माझा पहिला मोठा रिझल्ट असा होता की आमचा स्फटिक थंड केला की त्याची कंडक्टिव्हिटी कमी होते. म्हणजे सेमीकंडक्टर, कारण धातूची थंड केल्यावर वाढते. लोकांचा धातू आणि आमचा सेमीकंडक्टर, मी तर हवेत, अकरा पानं लिहून काढली, कारणमीमांसेसकट. सेमिनारमध्ये मागे बसलेल्या एका वयस्कर फिजिसिस्टनी एकच प्रश्न विचारला, "वायरी किती लावल्यात?" मी म्हटलं दोन. ते म्हणाले "बरं", आणि वहीत काहीतरी लिहीत बसले. तो "बरं" मला अजून ऐकू येतो.

दोन वायरींनी मोजलं की स्फटिकाचा रोध कमी आणि वायर चिकटवायच्या सिल्व्हर पेस्टच्या जोडाचा जास्त मोजला जातो. मी महिनाभर माझं स्वतःचं चिकटकाम मोजत होते. चार वायरी लावायच्या, बाहेरच्या दोनमधून करंट, आतल्या दोनवर व्होल्टेज, मग जोड मध्ये येत नाही. आणि स्फटिक केवढा, दोन-तीन मिलिमीटरची सुई, त्यावर केसाहून बारीक चार सोन्याच्या तारा, मे महिन्यात पंखा बंद करून, कारण पंख्याच्या वाऱ्यानेही उडायची. घाम टपकायचा आणि श्वास रोखून बसायचं. चार वायरींनी मोजल्यावर आमचा स्फटिक गुपचूप लोकांसारखाच निघाला, थंड केला की कंडक्टिव्हिटी वाढते, पार साधारण 60 केल्विनपर्यंत, मग उलटी फिरते. अकरा पानं रद्दीत.

मुंबईची अजून एक गंमत सांगते, पॉलिअ‍ॅनिलीनच्या, म्हणजे तुझ्याच त्या कंडक्टिंग पॉलिमरच्या गोळ्या पावसाळ्यात जास्त चांगली कंडक्टिव्हिटी दाखवायच्या. एका पोराने त्यावर सुंदर ट्रेंड काढला होता, जून ते सप्टेंबर, म्हणे सिंथेसिस सुधारतंय. सिंथेसिस कसलं, हवेतली वाफ! पॉलिअ‍ॅनिलीन ओलं असलं की जास्त वाहतं. मोजताना हवेतली आर्द्रता लिहून ठेव, तुझ्या प्रोजेक्टच्या वहीत मला ती दिसली नव्हती, तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

मी पाण्याकडे कशी वळले ते फार थोर नाहीये. पॉलिअ‍ॅनिलीन करताना बर्फात अ‍ॅनिलीन, आम्ल, अमोनियम परसल्फेट, हिरवा गाळ खाली बसतो, तो धूत राहायचं आणि धुवण बेसिनमध्ये. लिटरच्या लिटर. एकदा त्याच मामांना सहज विचारलं, हे जातं कुठे हो? म्हणाले, "खाडीत, अजून कुठे?" असं म्हणाले की जसं काही मी विचारलं सूर्य कुठे मावळतो. मी आठ वर्षं ते ओतत होते आणि माझ्या वहीत त्या पाण्याचा एकही आकडा नव्हता. म्हणून एक बाटली भरून मोजली. मग नाल्याची भरली. मग मिठी नदीची.

मिठीवर पहिल्यांदा डीओची, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची बाटली भरली, जागेवरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड टाकलं. ऑक्सिजन असेल तर गाळ तपकिरी होतो. माझा पांढराच्या पांढरा राहिला. मला वाटलं रिएजंट खराब झाले, दुसरी बाटली भरली, तीही पांढरी. रिएजंट चांगले होते गं. पाण्यातच ऑक्सिजन नव्हता.

तरी परत फसलेच. एका कामासाठी माहीमच्या बाजूला, मिठी समुद्राला मिळते तिथे, नमुने घेतले, गाडी उशिरा आली, दुपारी पोचलो, आकडे इतके छान की सगळे खूश, नदी सुधारतेय म्हणून. तिथे मासे निवडत बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "बाय, भरतीचं पाणी भरतेस, हा तर समुद्र आहे." म्हणजे परत तेच, दोन वायरी! मी नदी मोजतेय समजून समुद्र मोजत होते. त्यांनीच मला हिशोब शिकवला, तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. आणि त्या खाऱ्या पाण्याचा सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण ऑक्सिडाइज करायला किती ऑक्सिजन लागेल ते, काढायला गेलीस तर वेगळीच कटकट, समुद्राच्या पाण्यात लिटरला 19 ग्रॅमच्या आसपास क्लोराइड, घाण ऑक्सिडाइज करायला घातलेलं डायक्रोमेट त्याच्याशीही भिडतं आणि आकडा फुगतो, तो दाबायला मर्क्युरिक सल्फेट घालायचं, म्हणजे प्रदूषण मोजायला पारा वापरायचा. तो कचरा वेगळ्या बाटलीत ठेव, बेसिनमध्ये नाही, एवढं तरी माझ्यावरून शिक.

तेव्हा वाया जाईल ही भीती सोड. कंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन कोण देतं कोण घेतं हेच बघत होतीस, पाण्यातही तेच बघायचंय. तुझं ते हिरवं पॉलिअ‍ॅनिलीन विषारी सहा व्हॅलेन्सीच्या क्रोमियमला इलेक्ट्रॉन देऊन तीनवर आणतं, स्वतः ऑक्सिडाइज होतं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे, म्हणजे काम कुठल्या पातळीवर करायचंय ते बघ. गाइडना सांग की पॉलिमर तेच घेते पण क्रोमियमवर लावते, मला नाही वाटत ते नाही म्हणतील. हे माझं स्पष्ट मत, नंतर मॅडम गोलगोल बोलल्या म्हणू नकोस.

फक्त एक, "99 टक्के क्रोमियम काढलं" छापाचा पेपर लिहू नकोस. तसे ढिगाने पडलेत. डिस्टिल्ड वॉटरमध्ये डायक्रोमेट विरघळवायचं, पावडर टाकायची, हलवायचं, ग्राफ. खऱ्या सांडपाण्यात सल्फेट असतं, क्लोराइड असतं, तेल असतं, ते सगळे पावडरवरच्या त्याच जागांसाठी धक्काबुक्की करतात, आपली 8:22 ची लोकल आठव. आणि क्रोमियम खाऊन बसलेली पावडर नंतर टाकणार कुठे, ते पेपरात शोध, फार कमी जण लिहितात. मला विचारशील तर तुझी पीएचडी त्या टाकण्यात आहे, काढण्यात नाही.

जपानच्या शिराकावांच्या लॅबमध्ये पॉलिअ‍ॅसिटिलीन करताना हजारपट कॅटॅलिस्ट पडून पावडरऐवजी चकचकीत फिल्म झाल्याची ती गोष्ट तुला प्रत्येक जण सांगेल, चुकीतून नोबेल वगैरे. चूक झाली 1967 ला, त्या फिल्मवर आयोडीन घालून कंडक्टिव्हिटी मिळाली 1977 च्या आसपास, नोबेल 2000 ला. मधली दहा वर्षं कोणी सांगत नाही, त्या वर्षांत माणूस फिल्म करत होता, मोजत होता.

पैशाचं. जेआरएफ, म्हणजे सरकारी संशोधन फेलोशिप, मिळाली तर सध्या महिना 37 हजार अधिक घरभाडं, पण वेळेवर येतीलच असं धरून चालू नकोस, सहा महिन्यांचे बाजूला ठेव किंवा आईबाबांना आधीच सांगून ठेव. गाइडबद्दल मी काही लिहित नाही, त्यांच्याकडून पीएचडी होऊन बाहेर पडलेल्या दोघातिघांना चहाला भेट आणि किती वर्षं लागली एवढंच विचार, बाकीचं ते न विचारता सांगतील.

शनिवारी षष्ठी आहे. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचारला भरती, ओहोटी पावणेअकराच्या सुमाराला, नदीत आत थोडी उशिरा. दहाला माहीम स्टेशनच्या वेस्टला ये. जुन्या चपला घाल, डीओच्या सहा बाटल्या आण, आइसबॉक्स माझ्याकडे आहे (ट्रेनमध्ये कोणीतरी मासे कितीला दिले विचारणारच, मनावर घेऊ नकोस). आणि ब्लँकसाठी, म्हणजे तुलनेसाठी, डिस्टिल्ड वॉटरची एक बाटली भरून आण, ती पण आपल्यासोबत पूर्ण फिरेल आणि परत येईल. मागच्या वेळी तू ती लॅबमध्येच ठेवून आली होतीस.