सगळं विकून हरत बसणं म्हणजे रीबिल्ड नव्हे, पिस्टन्सचंच बघा

तुमचा प्रश्न असा की एनबीएतली (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) टीम सलग तीन-चार सीझन तळाला असेल तर जे काही बरे प्लेयर उरलेत ते विकून टाकायचे, अजून दोन वर्षं हरायचं आणि ड्राफ्टला (नवे तरुण प्लेयर निवडायची दरवर्षीची फेरी) एक नंबरचा पिक, म्हणजे सगळ्यात आधी निवडायचा हक्क मिळवायचा, हाच खरा मार्ग ना? मला हे अजिबात पटत नाही. मी डेट्रॉईट पिस्टन्सचा फॅन आहे, त्यामुळे हा मार्ग कुठे जातो ते पार शेवटपर्यंत बघितलंय.

आधी लॉटरीचं घ्या, म्हणजे पहिले पिक कोणाला ते ठरवणारी सोडत. २०१९ ला नियम बदलला आणि सगळ्यात वाईट तीन टीम्सना पहिल्या पिकचा चान्स सारखाच झाला, १४ टक्के. म्हणजे तुम्ही अगदी शेवटचे आलात तरी तो पिक दुसऱ्या कोणाला तरी जायची शक्यताच जास्त, आणि वर पाचव्या नंबरपर्यंत घसरायची भीती. पिस्टन्स २०२३ ला १७-६५ (१७ विजय, ६५ पराभव) करून शेवटचे आले, वेंबान्यामा ड्राफ्टमध्ये होता ते वर्ष, पिक लागला पाचवा. २०२४ ला १४-६८, परत शेवटचे, परत पाचवा. त्याच्या आदल्या २०२२ लाही पाचवाच होता! २०२५ ला युटा शेवटचे आले, त्यांनाही पाचवा, आणि पहिल्या नंबरचा कूपर फ्लॅग गेला डॅलसकडे, ज्यांचा चान्स होता १.८ टक्के. हो, २०२१ ला आम्हाला पहिला पिक लागला आणि केड कनिंगहॅम मिळाला, ते मान्य. पण केड आल्यावरही तीन सीझन आम्ही तळालाच होतो, आणि खरा मुद्दा तोच आहे.

२०२३-२४ ला सुरुवात २-१ अशी झाली आणि मग सलग २८ मॅच हरलो. एका सीझनमधला एनबीए रेकॉर्ड. ब्रुकलिनविरुद्ध केडने ४१ पॉइंट टाकले तरी हरलो, घरच्या प्रेक्षकांनी मालकाला टीम विका म्हणून घोषणा दिल्या. आता हे सगळं टॅलेंट नव्हतं म्हणून झालं का? केड, ड्युरेन, आयवी, असार थॉम्पसन, स्टुअर्ट सगळे तेव्हा टीममध्येच होते. फक्त त्यांच्या आजूबाजूला बाहेरून भरवशाने शूट करणारे जवळजवळ कोणीच नव्हते. असार रूकी म्हणजे पहिल्या सीझनला थ्रीमध्ये (लांबून मारायचा तीन पॉइंटचा शॉट) वीस टक्क्यांच्याही खाली होता (डिफेन्स मात्र पहिल्या दिवसापासून जबरदस्त), त्यामुळे समोरची टीम त्याला मोकळा सोडायची आणि तो डिफेंडर पेंटमध्ये, म्हणजे बास्केटखाली येऊन उभा राहायचा, म्हणजे केड ड्राइव्ह करायला गेला की समोर एक नाही तीन माणसं, मग तो पास करणार कोणाला? अशात पोरगा खरंच किती चांगला आहे हे तुम्हालाही कळत नाही आणि त्यालाही नाही. सतत हरण्याचं सगळ्यात मोठं नुकसान मला हे वाटतं.

मग २०२४ च्या उन्हाळ्यात टीमचा कारभार बघायला ट्रेजन लँगडन आला. त्याने कोअर म्हणजे मुख्य तरुण प्लेयर विकले नाहीत आणि सुपरस्टारच्या मागेही धावला नाही. केडला मॅक्स एक्स्टेन्शन (नियमात बसेल तेवढ्या जास्तीत जास्त पगाराचं पुढचं काँट्रॅक्ट) दिलं, टोबायस हॅरिसला दोन वर्षांचे ५२ मिलियन डॉलर, मलिक बीझलीला एका वर्षाचे फक्त ६ मिलियन. क्वेंटिन ग्राइम्स डॅलसला देऊन टिम हार्डवे ज्युनियर घेतला आणि वर तीन सेकंड राउंड पिक्ससुद्धा घेतले, कारण डॅलसला पगाराचा बोजा कमी करायचा होता आणि आपल्याकडे कॅप स्पेस (पगारांच्या ठरलेल्या मर्यादेखालची मोकळी जागा) होती. तळाच्या टीमची खरी ताकद ही कॅप स्पेसच. तसंही कॅपच्या ९० टक्के पगार सीझन सुरू व्हायच्या आत भरावाच लागतो, नाहीतर लक्झरी टॅक्सचा (जास्त खर्च करणाऱ्या टीम्स भरतात तो दंड) वाटा हातचा जातो, म्हणजे पैसा जाणारच आहे, तर तो तुमच्या मेन पोराला उपयोगी पडेल अशा माणसावर घाला ना.

कोच मॉन्टी विल्यम्सला सहा वर्षांच्या काँट्रॅक्टमधल्या एकाच वर्षानंतर काढलं, बिकरस्टाफ आला, आणि शूटिंगसाठी खास फ्रेड विन्सनला आणलं. बीझलीने त्या सीझनला ३१९ थ्री मारले. टीम १४ विजयांवरून ४४ वर गेली, केड ऑलस्टार झाला, आणि प्लेऑफमध्ये न्यूयॉर्कविरुद्ध त्यांच्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुसरी मॅच १००-९४ जिंकलो. २००८ नंतरचा पहिला प्लेऑफ विजय! सिरीज हरलो सहा मॅचमध्ये, पण ती मॅच मी उभ्यानेच बघितली. आणि पोरं तीच होती, केड, ड्युरेन, असार, स्टुअर्ट.

तुम्ही म्हणाल ओक्लाहोमाने पिक्स जमवूनच टायटल घेतलं. बरोबर, आणि होल्मग्रेन लॉटरीतूनच आला. पण त्यांचा मुख्य स्टार शे गिल्जस-अलेक्झांडर आला २०१९ च्या पॉल जॉर्जच्या ट्रेडमध्ये, जेलन विल्यम्सचा पिक त्याच ट्रेडमधला, तोही बाराव्या नंबरचा. त्यांच्याशी फायनल खेळलेल्या इंडियानाने तर सॅबोनिससारखा ऑलस्टार देऊन हॅलिबर्टन घेतला होता, तळाला वर्षानुवर्षं बसले नाहीत. म्हणजे विकायचं तर किंमत आहे तेव्हा विका आणि समोरच्याचा तरुण प्लेयर मागा, नुसते पिक नकोत.

तुमच्या टीमपुरतं सांगायचं तर आधी ठरवा की बॉल कोणाच्या हातात राहणार. असा एक पोरगा असेल तर याच उन्हाळ्यात त्याच्याभोवती दोन शूटर आणि एक अनुभवी फॉरवर्ड आणा, काँट्रॅक्ट एक किंवा दोन वर्षांचंच ठेवा. थोडी कॅप स्पेस फेब्रुवारीतल्या ट्रेड डेडलाइनपर्यंत (त्यानंतर त्या सीझनला प्लेयरची अदलाबदल करता येत नाही) राखून ठेवा, आम्ही आयवीचा पाय मोडल्यावर डेनिस श्रोडर तसाच घेतला. असा पोरगा नसेल तर मात्र तुमच्या तिशीतल्या स्कोररला ट्रेड डेडलाइनच्या आत द्या, काँट्रॅक्टच्या शेवटच्या वर्षात गेला की त्याचे निम्मेही मिळत नाहीत. आणि फर्स्ट राउंड पिक देऊन मोठं नाव आणायचा विचार सध्या अजिबात नको, ब्रुकलिनने २०१३ ला गार्नेट आणि पियर्ससाठी दिलेल्या पिक्समधून बॉस्टनला ब्राउन आणि टेटम मिळाले.